करमाफ गाडीचा एकमेव चालक

घरातलं सगळं सामान वाटून झाल्यावर बायको म्हणाली, "गाडी मात्र नेऊया."

फक्त तीन शब्द. मी माझ्या प्रबंधात चारशे बारा पानं खर्ची घातली, पण त्यातल्या एकाही वाक्याने कुणाच्या आयुष्यात एवढी उलथापालथ केलेली नाही.

अकरा वर्षं परदेशात शिकवून आम्ही दोघं कायमचे घरी परत निघालो होतो. पलंग शेजाऱ्यांनी नेला, फ्रिज एका विद्यार्थ्याने नेला, माझी पुस्तकांची चौदा खोकी ग्रंथालयाने "ठेवून जा, बघू" असं म्हणून ठेवून घेतली (ती अजून कुणी उघडली असतील असं मला वाटत नाही). रिकाम्या खोलीत एका सुटकेसवर मी आणि दुसरीवर ही, असे आम्ही चहा पीत बसलो होतो.

"अगं, गाडी समुद्रापलीकडे कशी येणार?"

"बोटीने."

"बोटीने येईल. पण कर?"

"कसला कर?"

"तेच तर माहीत नाही," मी म्हणालो, आणि त्या क्षणी काळजी करायला सुरुवात केली.

काळजी हा माझा खरा विषय. विद्यापीठात मी ज्ञानमीमांसा शिकवायचो, म्हणजे आपल्याला जे माहीत आहे ते खरोखर माहीत आहे का, याचा विचार. प्रबंधाच्या शेवटी मी 'खात्रीने सांगता येत नाही' असा निष्कर्ष काढला आणि त्याबद्दल मला डॉक्टरेट मिळाली. अशा माणसाने गॅस बंद केलाय का हे बघायला जिन्यावरून तीनदा परत जाणं ओघानंच आलं.

गाडीबद्दल सांगतो. छोटी, राखाडी, नऊ वर्षं जुनी. नावावर माझ्या, कारण विकणाऱ्याला पगाराची पावती हवी होती आणि ती माझी होती. चालवायची मात्र ही. मी शेजारी बसून वाचायचो. लायसन्स माझ्याकडेही होतं. लेखी परीक्षेत पैकीच्या पैकी गुण होते. प्रत्यक्ष परीक्षेच्या वेळी परीक्षकाने एका चौकात डोळे मिटून घेतले ते उघडलेच नाहीत, आणि तसाच पास केला. पुन्हा माझ्याबरोबर बसावं लागू नये म्हणून केला असावा. त्यानंतर मी स्टिअरिंगला हात लावला नव्हता.

आणि हिला गाडी का न्यायची होती, तेही सांगायला हवं. हिची मोठी बहीण, आमच्या सगळ्यांची ताई, आमच्या घरापासून चाळीस किलोमीटरवर एकटी राहते. वय ऐंशी. बस दिवसातून दोन, त्याही मध्ये बदलाव्या लागतात. अकरा वर्षं या दोघी बहिणी फोनवर भेटल्या. "आता दर रविवारी मी ताईकडे जाणार," ही म्हणाली. "फोनवर तिचे डोळे दिसत नाहीत." तेव्हा मी कस्टमची पुस्तिका मागवली.

चौसष्ट पानं. मी ती एका बैठकीत वाचली, मग दुसऱ्यांदा वाचली, आणि तिसऱ्यांदा वाचताना चष्मा काढून डोळे पुसले. हसू नका. आयुष्यभर मी मोठमोठ्या विचारवंतांचे ग्रंथ वाचले, पण मी उद्या काय करणार आहे याचा विचार त्यांतल्या एकानेही केला नव्हता. या पुस्तिकेने केला होता. कुठल्याशा खोलीत, पंख्याखाली, एक अनोळखी माणूस बसला होता आणि त्याने स्वतःला विचारलं होतं: समजा एखादा म्हातारा बरीच वर्षं बाहेर राहून घरी आला, आणि येताना त्याने आपली जुनी गाडी आणली, तर? आणि तो स्वतःशीच म्हणाला होता, आणू दे बिचाऱ्याला. कर घेऊ नका.

अटी तीन होत्या. माणूस किमान वर्षभर बाहेर राहिलेला हवा. गाडी किमान सहा महिने त्याच्या मालकीची आणि वापरातली हवी. आणि आणल्यापासून बारा महिने ती विकायची नाही, भाड्याने द्यायची नाही, गहाण ठेवायची नाही, इतर कुणाच्या हाती सोपवायची नाही. यातली एक जरी अट मोडली तरी सगळा कर दंडासह भरायचा. तो किती होईल हे मी काढून बघितलं. गाडी कस्टमला देऊन टाकली असती तरी वर आणखी भरावे लागले असते.

"तीनच अटी ना?" ही म्हणाली. "सोपं आहे की."

सोपं! हिला सगळंच सोपं वाटतं. चव्वेचाळीस वर्षं मला याचं आश्चर्य वाटत आलंय.

बंदरावरचं कस्टम ऑफिस एका लांबलचक शेडच्या टोकाला होतं. आमची गाडी कंटेनरमधून बाहेर काढली तेव्हा ती धुळीने माखलेली होती आणि एवढीशी दिसत होती. एखादं पोर परगावच्या स्टेशनवर उतरावं तशी. अधिकारीणबाई चाळिशीच्या असतील. चष्मा डोक्यावर सरकवलेला. त्यांनी बॉनेट उघडलं, टॉर्च मारला आणि सतरा अक्षरांचा चॅसिस नंबर कागदाकडे न बघता म्हणून दाखवला. मग कागदाकडे बघितलं. तंतोतंत! मला माझा फोन नंबरसुद्धा लिहून ठेवावा लागतो.

मग आम्ही टेबलाशी बसलो.

"गाडी आपण स्वतः वापरत होता?" बाईंनी विचारलं.

कुठलाही शहाणा माणूस 'हो' म्हणाला असता.

"वापरत होतो म्हणजे," मी म्हणालो, "बसत होतो."

"बसत होता?"

"शेजारच्या सीटवर. नियमित. नऊ वर्षं."

टेबलाखाली हिची टाच माझ्या बुटावर आली.

"आणि चालवत कोण होतं?"

"मी," ही म्हणाली.

"मग ठीक आहे," असं म्हणून बाईंनी फॉर्मवर खूण केली.

माझ्या मते त्या क्षणी बाईंनी नियमाकडे काणाडोळा केला होता. एका वृद्ध जोडप्याची दया येऊन त्यांनी स्वतःची नोकरी धोक्यात घातली होती. मी मनातल्या मनात त्यांना नमस्कार केला आणि ठरवलं की यांच्याकडे पुन्हा काहीही मागायचं नाही. काही विचारायचंसुद्धा नाही. विचारलं की माणसं विचार करायला लागतात.

त्यांनी दाखल्यावर शिक्का मारला. "वर्षभर विकायची नाही, भाड्याने द्यायची नाही, दुसऱ्या कुणाच्या हातात द्यायची नाही. बाकी सगळं दाखल्यावर आहे. वाचून घ्या."

"वाचणार," मी म्हणालो. (वाचणं हाच माझा धंदा आहे, हे त्यांना काय माहीत.)

बाहेर आवारात हिने सवयीने किल्लीसाठी हात पुढे केला.

"थांब!" मी ओरडलो. दोन हमाल वळून बघायला लागले. "ऐकलं नाहीस का? दुसऱ्या कुणाच्या हातात द्यायची नाही."

"मी दुसरी कोण?"

"तू मी नाहीस. म्हणजे दुसरीच."

"अहो, मी बायको आहे तुमची!"

"हा नात्याचा प्रश्न नाही गं, गाडी माझ्या नावावर आहे. मघाशी त्यांनी एकदा सोडलं आपल्याला. त्या खिडकीतून बघतायत."

"मग जाऊन विचारा."

"विचारलं आणि नाही म्हणाल्या तर?"

"मग नाही."

"आणि मघाचं सगळं उकरून काढलं तर?"

हिने हात मागे घेतला. शेजारच्या सीटवर जाऊन बसली, आणि दार असं लावलं की गाडीची धूळ निम्मी तिथेच झडली. मी स्टिअरिंगमागे बसलो. सदतीस वर्षांनी.

त्या प्रवासाचं वर्णन करत नाही. बंदर ते घर एकवीस किलोमीटर आहे आणि आम्ही सकाळी निघून दुपारी पोचलो, एवढंच सांगतो. वाटेत एका पेट्रोलपंपावर मी तीन वेळा गेलो. पेट्रोलसाठी नव्हे. त्या गोल चौकातून बाहेर पडायचा दुसरा रस्ता मला सापडेना. दोन दिवस ही माझ्याशी बोलली नाही.

दाखला मात्र देखणा होता. जाड, साईच्या रंगाचा कागद, खाली उठावाचा शिक्का, आणि मधोमध माझं पूर्ण नाव, पदवीसकट. सरकारने माझ्या पदवीची दखल घेतल्याचा माझ्या आयुष्यातला हा एकमेव पुरावा. असा कागद फाईलमध्ये ठेवायचा? हरवला तर? मी तो कोपऱ्यावरच्या फ्रेमवाल्याकडे टाकला. काच चांगली लाव, मागून घट्ट बंद कर, दमट हवा शिरता कामा नये, असं बजावलं. तिसऱ्या दिवशी भाजी आणायला गेलेली ही येताना फ्रेम घेऊन आली आणि तिने ती स्वतःच्या हाताने पॅसेजमध्ये किल्लीच्या खुंटीवर टांगली. दोन पावलं मागे येऊन बघितली. आणि हसली.

"छान दिसतोय," ती म्हणाली.

"राग गेला?"

"गेला. तुमचं बरोबर आहे. वर्षभर तुम्हीच चालवा."

माझा कानांवर विश्वास बसेना. चव्वेचाळीस वर्षांत 'तुमचं बरोबर आहे' हे वाक्य मी या घरात ऐकलं नव्हतं. माझ्या युक्तिवादाचा परिणाम व्हायला दोन दिवस लागतात, असा मी निष्कर्ष काढला.

मग मी ड्रायव्हिंग स्कूलच्या मास्तरांकडे चार तास घेतले. मास्तर शांत गृहस्थ होते. दुसऱ्या तासाला म्हणाले, "सर, ब्रेक गाडीला असतो. तुम्ही तो स्वभावालाच लावून घेतलाय." चौथ्या तासानंतर त्यांनी माझी फी परत देऊ केली, पण मी घेतली नाही.

आणि रविवार सुरू झाले. चाळीस किलोमीटरला अडीच तास. मी दोन्ही हात घट्ट धरून, नाक काचेला लावून, ताशी पंधरा ते वीसच्या वेगाने जायचो. बस आम्हाला मागे टाकायची, ट्रक टाकायचे, आणि अकराव्या किलोमीटरच्या सुमाराला टोपी घातलेला एक सायकलवाला टाकायचा. पहिल्या रविवारी त्याने वळून बघितलं. दुसऱ्या रविवारी विचारलं, "काका, पंक्चर?" तिसऱ्यापासून तो नुसता हात करून पुढे जायला लागला, आणि पाचव्या-सहाव्या रविवारपासून आमची चांगली मैत्री झाली. चढावर तो माझ्या खिडकीशी येऊन हवापाण्याच्या दोन गोष्टी करायचा आणि "चला, मला उशीर होतोय" म्हणून निघून जायचा.

एके दिवशी समोरच्या शेजाऱ्यांनी पाहुण्यांना आणायला गाडी मागितली. मी त्यांना पॅसेजमध्ये उभं करून फ्रेम दाखवली आणि तिसऱ्या अटीमागची भूमिका वीस मिनिटांत समजावली. त्यांनी पुन्हा कधी काही मागितलं नाही. आमची शिडी त्यांच्याकडे दीड महिना होती, तीही त्याच संध्याकाळी परत आली.

पण खरं नवल वेगळंच होतं. ही बोलायची. अडीच तास जाताना आणि अडीच तास येताना. पूर्वी ही चालवायची आणि मी वाचायचो, मधूनमधून 'हं' म्हणायचो. आता पुस्तक उघडायची सोय नव्हती. 'हं' म्हटलं तर ही म्हणायची, "हं काय? मी काय म्हणाले सांगा." आणि सांगावं लागायचं. चव्वेचाळीस वर्षं जिच्याबरोबर राहिलो तिला मुळात उंचीची भीती वाटते, आणि तरी परदेशात मी आठव्या मजल्यावरचा फ्लॅट हौसेने घेतला तेव्हा ती काही बोलली नव्हती, हे मला पंधराव्या किलोमीटरला कळलं. लग्नाआधी तिला वेधशाळेत नोकरी लागली होती हे पुलावर कळलं. मी मागच्या जन्मी काय वाचत होतो?

आणि एका रविवारी, विटांच्या भट्टीजवळ, ती सहज म्हणाली, "तुमचा प्रबंध मी वाचलाय."

"कधी?"

"लग्न झाल्यावर पहिल्याच वर्षी. सगळा. सत्त्याऐंशी पानावर चूक आहे."

गाडी रस्ता सोडून गवतात गेली.

"कसली चूक?"

"रस्त्याकडे बघा."

"अगं, पण कसली?"

"रिव्हर्समध्ये एकदा नीट पार्क करून दाखवा, मग सांगते."

प्रबंध तपासायला तीन परीक्षक होते. तिघांनाही सापडली नव्हती. घरी आल्यावर मी सत्त्याऐंशी पान काढलं आणि दर आठवड्याला ते वाचत राहिलो. पानावर एका जुन्या आचार्यांचं वाक्य मी उद्धृत केलं होतं आणि त्यावर पुढचं सगळं प्रकरण उभं होतं. चूक दिसेना. रिव्हर्स जमेना.

असे दहा महिने गेले. अकराव्या महिन्यात, एका बुधवारी, डोळ्यांच्या डॉक्टरांनी तपासणीसाठी माझ्या डोळ्यांत थेंब घातले आणि बजावलं, की संध्याकाळपर्यंत सगळं अंधुक दिसेल, गाडी चालवायची नाही. आम्ही रिक्षाने घरी आलो. दारातच फोन वाजत होता. ताईंच्या शेजारीण होत्या. ताई पडदा काढायला स्टुलावर चढल्या होत्या आणि पडल्या होत्या. हात मोडला होता, डोकं आपटलं होतं, आणि त्या हिचं नाव घेत होत्या.

हिने फोन ठेवला. चेहरा मला नीट दिसत नव्हता, पण आवाज दिसला असं म्हणायला हरकत नाही. ती सरळ पॅसेजमध्ये गेली आणि खुंटीवरची किल्ली काढली.

"अगं, टॅक्सी बोलावू..."

"तासभर येणार नाही. चला."

"पण कर! एक महिनाच राहिलाय! सगळा दंडासह..."

"भरू," ती म्हणाली. "तुम्ही येताय की मी जाऊ?"

एकच शब्द. दहा महिने जीव मुठीत धरून जपलेली करमाफी तिने बहिणीसाठी एका शब्दात ओवाळून टाकली. आणि मी दारात उभा राहून हिशेब करत होतो! मला स्वतःची लाज वाटली. मी गाडीत बसलो. शेजारच्या सीटवर.

मग ती निघाली. काय सांगू! माझ्या अंधुक डोळ्यांना नुसते रंग मागे पळताना दिसत होते. गिअर कधी पडत होते तेही कळत नव्हतं. एक टोपी डावीकडून सर्रकन गेली. चाळीस किलोमीटर अडतीस मिनिटांत. नऊ वर्षं या बाईच्या शेजारी बसून मी तळटीपा वाचत होतो.

ताई ठीक होत्या. हाताला प्लॅस्टर, कपाळाला तीन टाके, आणि बोलणं शाबूत. मला बघून म्हणाल्या, "अगं बाई, हे एवढ्या लवकर कसे पोचले? उडी मारली का?" रात्रभर त्यांना हॉस्पिटलात ठेवणार होते. ही थांबली. मी संध्याकाळच्या बसने घरी आलो, आणि गुन्हा कबूल करायचं ठरवलं.

कुणी बघितलं नव्हतं, मान्य. पण ज्या सरकारने न सांगता माझा विचार केला होता त्याला मी कसा फसवणार? मी आठ पानी कबुलीजबाब लिहिला. त्यात बायकोचा काहीही दोष नाही, थेंब माझ्या डोळ्यांत होते, असं स्पष्ट नमूद केलं. तळटीपा घातल्या. सकाळी इस्त्रीचा कोट चढवला, मूळ कागद सोबत हवा म्हणून फ्रेम खुंटीवरून काढून काखेत मारली आणि टेबलावर चिठ्ठी ठेवली: 'कस्टममध्ये गुन्हा कबूल करायला जात आहे. परत यायला किती वेळ लागेल हे खात्रीने सांगता येत नाही. दूध तापवलं आहे.'

अधिकारीणबाई त्याच टेबलाशी होत्या. त्यांनी आधी फ्रेमकडे बघितलं, मग माझ्या कोटाकडे.

"काका, हे काय? कुणी... गेलं का?"

"माझी करमाफी गेली," मी म्हणालो आणि आठ पानं पुढे केली.

त्यांनी पहिलं पान वाचलं. दुसरं वाचलं. तिसऱ्यावरची तळटीप वाचून चष्मा डोक्यावरून खाली आणला.

"म्हणजे दहा महिने गाडी फक्त तुम्ही चालवली?"

"एकट्याने. शपथेवर सांगतो."

"आणि काल मिसेसनी?"

"आणीबाणीत. दंड मी भरेन. फक्त गाडी जप्त करू नका. ताईंकडे..."

बाईंनी फ्रेम पालथी केली. मागे पुठ्ठा, त्यावर चारी बाजूंनी चुका ठोकलेल्या. त्यांनी ड्रॉवरमधून पिना काढायचा चिमटा घेतला आणि एकेक चूक उपटायला लागल्या. मला वाटलं, दाखला रद्द करायची हीच पद्धत असणार. पुठ्ठा निघाला. दाखला निघाला. त्यांनी तो उलटा केला.

मागे मजकूर होता! बारीक टायपात, खालपर्यंत.

"कलम चार," बाई वाचायला लागल्या. "अर्जदाराची पत्नी किंवा पती, तसेच एकत्र राहणारे कुटुंबीय यांना सदर वाहन चालवण्यास कोणत्याही परवानगीची आवश्यकता नाही." त्यांनी माझ्याकडे बघितलं. "मी म्हटलं होतं ना, वाचून घ्या?"

तेवढ्यात दार उघडून ही आत आली. हातात माझी चिठ्ठी. मागोमाग गळ्यात हात अडकवलेल्या ताई. त्यांना आमच्या घरी आणायला म्हणून ही सकाळीच निघाली होती, आणि घरात पाऊल टाकल्याबरोबर तशीच वळली होती.

"धरलं का यांना?" ताईंनी विचारलं.

"अगं," मी हिला म्हणालो, "मागे लिहिलंय! तू चालवू शकत होतीस! पहिल्या दिवसापासून!"

"पहिल्या नाही. तिसऱ्या दिवसापासून माहीत आहे मला," ही म्हणाली.

"काय?"

"फ्रेमवाल्याने विचारलं ना. म्हणाला, बाई, मागच्या बाजूलाही छापलंय, ते झाकून जाईल, चालेल का? मी वाचलं. म्हटलं, चालेल. चांगलं घट्ट ठोका."

शेजारच्या टेबलावरचा कारकून शिक्का हवेत धरून बसला होता.

"आणि काल? कर भरू म्हणालीस ते?"

"वाद घालायला वेळ होता का काल?"

"पण... दहा महिने... माझा जीव जात होता गं! का?"

हिने चिठ्ठीची घडी घालून ती पर्समध्ये ठेवली. मग बाईंकडे बघून बोलली, जणू प्रश्न त्यांनीच विचारला होता. "नऊ वर्षं मी चालवत होते आणि हे शेजारी बसून वाचत होते. आता हे चालवतात तेव्हा पुस्तक उघडता येत नाही. एका जागेवर, अडीच अडीच तास, पळून जायला वाव नाही. चव्वेचाळीस वर्षांत एवढं बोलले नव्हते मी यांच्याशी." आणि मग माझ्याकडे वळून, "सत्त्याऐंशी पानावर तरी काय झालं होतं? त्या आचार्यांचं वाक्य घेतलंत, पण त्यांचं पान उलटलं नाहीत. पुढच्याच पानावर ते म्हणतात, की हे झालं माझ्या विरोधकांचं म्हणणं, आता माझं ऐका."

मी खुर्चीवर बसलो. बाईंनी पाणी मागवलं. चाळीस वर्षांची कीर्ती (होती तेवढी) एका वाक्यात कोसळली होती आणि मला वाईट वाटायचं राहूनच गेलं. मी नुसता हिच्याकडे बघत होतो. वेधशाळेचं केवढं नुकसान झालं!

बाईंनी दाखला परत दिला. आठ पानंही परत दिली. "हे फाईलला लावता येत नाही," त्या म्हणाल्या, "पण मी झेरॉक्स काढून घेऊ का? साहेबांना दाखवायचंय."

दीड महिन्याने ताईंचं प्लॅस्टर निघालं. वर्ष पुरं होऊन गेलं होतं, कस्टमचा आमच्यावर काही हक्क उरला नव्हता. रविवारी सकाळी ताईंना पोचवायला निघताना हिने किल्ली स्वतः माझ्या हातात दिली. "तुम्हीच चालवा. मला बसायला आवडतं." शेजाऱ्यांच्या देखत! मी कोटाचं बटण लावलं आणि ताठ मानेने ड्रायव्हरच्या दाराशी गेलो.

"एक मिनिट," ताई मागून म्हणाल्या. "आज हिला चालवू दे. मला एक्क्याऐंशीवं लागलंय. तुमच्याएवढा वेळ नाही माझ्याकडे."

किल्ली परत गेली. ताई पुढे बसल्या. मी मागे, त्यांच्या कपड्यांच्या पिशवीशेजारी. अकराव्या किलोमीटरला तो सायकलवाला दिसला. इतक्या रविवारांत प्रथमच आमची राखाडी गाडी त्याला मागे टाकत होती. त्याने चमकून बघितलं, ड्रायव्हरच्या जागी मी नाही हे त्याला दिसलं, आणि तो सायकलवरून खाली उतरला.

मी मागच्या काचेतून जोरजोरात हात हलवत होतो. पण ही भलतीच वेगात होती. शेवटचं दिसलं ते एवढंच, की त्याने टोपी काढून छातीशी धरली होती आणि मान खाली घातली होती.